कानात बोळे घालू नका, निदान घरात तरी

थंडी पडायला लागली, रात्रीचा पंखा बंद झाला, की 'कानातला आवाज वाढला' ही तक्रार सुरू होते. आवाज बहुतेक वेळा होता तेवढाच असतो. त्याच्यावर पांघरूण घालणारी पंख्याची घरघर तेवढी गेलेली असते. टिनिटसचं, म्हणजे बाहेर काही वाजत नसताना कानात ऐकू येणाऱ्या आवाजाचं, निम्मं गणित या पंख्यात आहे.

कानात सतत काहीतरी वाजणं, कानाला दडे बसल्यासारखं वाटणं आणि घरातले साधे आवाज टोचणं, या तीन तक्रारी पुष्कळदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. मग तो सुचेल ते करतो, म्हणजे कापसाचा बोळा. भांड्यांचा खणखणाट टोचतो म्हणून बोळा घातला की पाच मिनिटं बरं वाटतं. पण बाहेरचं ऐकू येणं कमी झाल्यामुळे आतली शिट्टी ठळक होते. कान कोंदल्यामुळे स्वतःचं बोलणं आणि चावणं डोक्यात घुमायला लागतं, म्हणजे दडा वाढतो. आणि असे दोन-चार आठवडे गेले की बोळा काढल्यावर तीच भांडी आधीपेक्षा जास्त टोचतात. एक उपाय आणि तिन्ही दुखणी वाढलेली.

हे का होतं ते नीट कळलं की पुढची बरीच धावपळ वाचते. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा भाग असतो, कॉक्लिया. त्यात आवाज पकडणाऱ्या केसपेशी असतात: आतल्या रांगेत साधारण ३,५०० आणि बाहेरच्या रांगांमध्ये साधारण १२,०००. माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मोठा आवाज, वय, काही औषधं यांमुळे एखाद्या पट्ट्यातल्या पेशी गेल्या की त्या पट्ट्याकडून मेंदूला कमी माहिती मिळते. रेडिओवर दूरचं स्टेशन अंधुक लागतं तेव्हा आपण काय करतो? आवाज वाढवतो. गाणं थोडं मोठं होतं आणि त्याच्यासोबत खरखरही वाढते. मेंदू नेमकं हेच करतो. म्हणून कानातल्या शिट्टीची पट्टी बहुधा ज्या पट्ट्यात ऐकू कमी येतं त्याच्याच आसपासची निघते. टोचणाऱ्या आवाजांमागेही बव्हंशी मेंदूने असा वाढवलेला आवाजच असल्याचं मानलं जातं.

याचे प्रयोग झाले आहेत आणि ते समजायला सोपे आहेत. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते विचारलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ धडधाकट लोकांच्या एका कानात सात दिवस सिलिकॉनचा प्लग ठेवला, तर १४ जणांच्या कानात आवाज सुरू झाला. प्लग काढल्यावर तो गेला. आणि २००३ मध्ये फॉर्म्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गट केले. एकाने दोन आठवडे प्लग वापरले, दुसऱ्याने कानाशी बारीक सुसाट आवाज करणारी यंत्रं लावली. प्लगवाल्यांची आवाज सोसण्याची ताकद कमी झाली, यंत्रवाल्यांची वाढली. घरात बोळा नको म्हणतात तो याच्यासाठी.

आधी तातडीचं

सवयीच्या आणि सरावाच्या गोष्टी करण्याआधी काही शक्यता बाजूला काढाव्या लागतात. एका कानाला अचानक दडा बसला, त्यात आवाज सुरू झाला आणि फोन त्या कानाला लावल्यावर बोलणं बारीक किंवा फाटल्यासारखं ऐकू आलं, तर ती सर्दी आहे असं धरून बसू नका. आतल्या कानाचं ऐकणं अचानक जाऊ शकतं. ७२ तासांच्या आत सलग तीन पट्ट्यांवर ३० डेसिबेल किंवा जास्त घट झाली की त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. त्यावर स्टिरॉइड दिलं जातं आणि त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही जितक्या लवकर तितका जास्त. चूक एकच होते आणि तीच तीच होते: मळ असेल म्हणून आठवडाभर थेंब, मग सर्दी असेल म्हणून आठवडाभर वाफ, आणि ऐकण्याची तपासणी तिसऱ्या आठवड्यात.

घरी एक ढोबळ चाचणी करता येते. ओठ मिटून 'म्' असा खालचा सूर लावा. गुंजन दडा बसलेल्या कानात जास्त घुमलं तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त: मळ, पाणी, किंवा कान आणि नाक जोडणारी नळी चोंदणं. गुंजन चांगल्या कानाकडे सरकलं तर आतल्या कानाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. डॉक्टर हेच ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून बघतात. घरचा सूर हा फक्त पाय उचलायला लावण्यापुरता. तो बरोबर आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही.

दुसरी खूण नाडीची. कानातली धडधड ऐकताना मनगटावर बोटं ठेवा. दोन्ही ताल जुळत असतील तर तो प्रकार वेगळा, रक्तवाहिन्यांशी संबंधित असू शकतो आणि स्कॅन लागतो. आवाज फक्त एकाच कानात असेल, किंवा दोन कानांच्या ऐकण्यात फरक असेल, तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआय करतात. बहुतेकांचा तो स्वच्छ येतो. एमआरआयचं यंत्र मात्र १०० डेसिबेलच्या पुढे आवाज करतं, तेव्हा आत जाण्याआधी फोमचे प्लग आणि वरून इअरमफ दोन्ही मागून घ्या. इथे बोळे घालायचेच आहेत. कान वाहत असेल, गरगरत असेल, चेहऱ्याची एक बाजू सैल पडली असेल तर वाट बघण्यासारखं काहीच नाही.

डॉक्टरांना सांगताना 'आवाज येतो' एवढ्याने काम होत नाही. रातकिडे की शिट्टी, शंख कानाला लावल्यावर येते तशी घूं घूं, कुकरची वाफ, की टकटक? बारीक शिट्टी वरच्या पट्टीतली घट सुचवते. खालची घूं घूं, त्यासोबत दडा, ऐकणं कमी-जास्त होणं आणि वीस मिनिटं ते काही तास टिकणारी गरगर असेल तर मेनिएरचा, म्हणजे आतल्या कानाचा एक आजार, मनात आणावा लागतो. फडफड किंवा टकटक असेल तर मधल्या कानाचे किंवा टाळूचे छोटे स्नायू. वर्णनाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग मोजले आहेत आणि त्यात कर्णनाद वेगळा, कर्णक्ष्वेड वेगळा, जरी दोन्ही कानात आवाज येण्याचेच प्रकार.

दडा

दड्याची कारणं सगळ्यांत जास्त आणि त्यातली बरीच दुरुस्त होण्यासारखी, म्हणून इथे वेळ घालवलेला परवडतो.

मळ. कापसाची काडी मळ काढत नाही, दट्ट्यासारखी आत ठासते. त्याऐवजी केमिस्टकडचे मळ मऊ करणारे थेंब किंवा अंगाइतकं कोमट ऑलिव्ह तेल, एका वेळी तीन-चार थेंब, कूस करून पाच मिनिटं पडून राहायचं, दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस. पहिल्या दोन दिवसांत दडा वाढला तर घाबरू नका, मळ फुगतो. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, पूर्वी कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर थेंब नाहीत, तेल नाही, पाणी नाही. लसूण घालून कडकडीत केलेलं तेल कोणाच्याच कानात नको. कर्णपूरण, म्हणजे आयुर्वेदातलं कानात तेल भरणं, करायचं असेल तरी आधी पडदा शाबूत आहे हे कोणीतरी दुर्बिणीने पाहिलेलं हवं. पिचकारीने कान धुताना पाणी ३७ अंशांच्या आसपास हवं. थंड किंवा गरम पाण्याने गरगरतं, कारण आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळीला तापमान कळतं. मळ ओढून काढणारं सक्शनचं यंत्र कानाशी चांगलंच किंचाळतं. आधीच टिनिटस किंवा आवाजाचा त्रास असेल तर ते सुरू करण्याआधी सांगा. मळ आधी मऊ करून घेतला की सक्शनचा वेळही कमी लागतो.

मग युस्टेशियन नळी, म्हणजे मधल्या कानातून नाकाच्या मागे उतरणारी. मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात ते हिच्यामुळे. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ओढला जातो आणि नळी आपणहून उघडत नाही. ती उघडावी लागते. घाट चढताना त्रास कमी का, तर आतली जास्तीची हवा नळीतून सहज निसटते. उपाय: नाक चिमटीत धरून आवंढा गिळायचा. तोंडात आवळासुपारी किंवा गोळी ठेवली की गिळणं आपोआप होतं. नाक-तोंड बंद करून फुंकायचा प्रकार लोक फार जोरात करतात. गाल फुगण्याइतकाच, हलका, एक-दोन सेकंद. जोर लावून आतल्या कानाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. विमानात उतरण्याआधीचा अर्धा तास झोपू नका, झोपेत गिळणं कमी होतं.

सर्दी किंवा अ‍ॅलर्जीमुळे नळी चोंदली असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा उपयोगी पडतो, पण तो बरोबर मारला तर. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्यासाठी उजवा, नोझल मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने. मारल्यावर जोरात ओढू नका, ओढलं की औषध घशात जातं आणि कडू लागतं. परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत काही झालं नाही म्हणून बाटली कपाटात जाते, हे नेहमीचं. नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटॅझोलिन, ऑक्सिमेटॅझोलिनचे थेंब मात्र तीन ते पाच दिवसच. त्यापुढे नाक उलट जास्त चोंदतं. आणि अ‍ॅलर्जी नसताना नुसत्या दड्यासाठी महिनोन्‌महिने फवारा मारण्याला फारसा आधार नाही.

टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानात हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते बघणारी दोन मिनिटांची तपासणी, इथे कामाची. आलेख डोंगरासारखा आणि शिखर मध्यावर, तर 'ए'. शिखर डावीकडे सरकलेलं, तर 'सी', म्हणजे मधल्या कानात दाब कमी. आणि सपाट रेघ, तर 'बी', म्हणजे मागे पाणी, पडद्याला भोक किंवा पुढे मळ. मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साचून ते आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने बघून घ्यायलाच हवी, कारण तिथली गाठ नळी दाबू शकते. उलटाही प्रकार असतो: नळी सतत उघडी. पटकन वजन घटलेल्यांमध्ये तो दिसतो. स्वतःचा श्वास कानात ऐकू येतो आणि आडवं झालं की बरं वाटतं. त्यात नाक मोकळं करणारी औषधं त्रास वाढवतात.

आणि मग राहतो तो दडा ज्यात मळ नाही, पाणी नाही, आलेख 'ए', तरी कान गच्च. यातला बराचसा जबड्याचा. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला खेटून आहे. दात आवळून धरा, जबडा पुढे काढा, मान दोन्हीकडे वळवा. यातल्या एखाद्या हालचालीने कानातला आवाज किंवा दडा बदलत असेल तर दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट यांचा रस्ता धरायचा. तोवर: जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे. दिवसातून वीसदा स्वतःला आठवण करा. भाजलेले दाणे, ऊस, कडक भाकरी, च्युइंगम काही आठवडे बंद. मोठ्या आवाजाला दचकून मधल्या कानाचा पडदा ताणणारा स्नायू वारंवार आवळला जातो, तेव्हाही असाच दडा आणि फडफड होते. म्हणजे तिसरी तक्रार दुसरीला जोडलेली आहे ती अशी. अशा दड्यावर कान ओढणं, बोट घालून हलवणं, दर पाच मिनिटांनी फुंकणं यांनी काहीच साधत नाही. लक्ष मात्र कानालाच खिळून राहतं.

तपासणी

ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, ध्वनिरोधक खोलीत झाला पाहिजे. चष्म्याच्या दुकानासारखं 'मोफत श्रवण तपासणी' लिहिलेल्या गाळ्यात, बाहेर रिक्षा वाजत असताना केलेला कागद फेकून द्या. तपासणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागांत आणि मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. कागदावर २५० ते ८००० हर्ट्झ आडवे आणि डेसिबेल उभे असतात. २५ पर्यंत साधारण ठीक. ४००० जवळ खड्डा आणि ८००० ला परत वर, अशी रेघ आवाजाने झालेल्या इजेची खूण. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही नाही' हे वाक्य फार जणांना ऐकावं लागतं आणि ते चूक आहे. सहा-आठ पट्ट्यांवर किती बारीक टिकटिक ऐकू येते एवढंच हा कागद सांगतो.

आवाज टोचत असतील तर कोणत्या पातळीला त्रास सुरू होतो तेही मोजतात. बहुतेकांना ९० ते १०० डेसिबेलच्या आसपास नको होतं, त्रास असलेल्यांना त्याच्या बरंच खाली. ही मोजणी आणि मोठा टोन ऐकवून कानातल्या स्नायूची प्रतिक्रिया बघणारी रिफ्लेक्सची चाचणी पहिल्याच दिवशी करू नका असं स्पष्ट सांगता येतं. सांगाच.

नावांचा गोंधळ असतो तो इथेच मिटवू. सगळेच आवाज मोठे किंवा दुखरे वाटणं म्हणजे हायपरअक्युसिस. ठरावीक आवाजाने, समजा कोणी मचमच खाल्लं की, संताप येणं म्हणजे मिसोफोनिया. आवाजाने इजा होईल ही भीती वेगळी. आणि ऐकू कमी येणाऱ्याला बारीक ऐकूच न येणं आणि थोडं मोठं झालं की एकदम असह्य होणं, आजोबांचं 'जोरात बोल… अरे ओरडतोस का!', हा आणखी निराळा प्रकार. त्याचा उपाय नीट बसवलेलं श्रवणयंत्र.

आवाजावर आवाज

टिनिटस बुडवायचा नसतो. पार्श्वभूमीचा आवाज एवढाच ठेवायचा की कानातली शिट्टी त्याच्यामधून अजून ऐकू येते, पण कडा बोथट झालेल्या. पूर्ण बुडवलात तर मेंदूला तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकायची संधीच मिळत नाही. फोनवर पावसाचा किंवा गुलाबी नॉइजचा, म्हणजे एका मऊ सुसाट प्रकारचा, आवाज लावून शून्यापासून चढवत न्या, शिट्टी झाकली जाईल त्या खुणेच्या दोन पायऱ्या खाली थांबा. या सुसाट आवाजांना रंगांची नावं आहेत: पांढऱ्या नॉइजमध्ये वरचे सूर टोचतात, गुलाबीत वर जाताना दर सप्तकाला ३ डेसिबेल कमी होतात, तपकिरीत ६. ज्यांना आवाज टोचतात त्यांनी तपकिरीपासून सुरुवात करावी. फोनच्या टीचभर स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, त्यामुळे साधा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि तो उशाशी न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आयफोनमध्ये आयओएस १५ पासून 'बॅकग्राउंड साउंड्स' आयतेच आहेत. पावसाची फीत निवडताना ती कुठे सांधली आहे ते ऐका. दर तीस सेकंदांनी तोच मेघगर्जनेचा तुकडा यायला लागला की मेंदू त्याचीच वाट बघत बसतो. तंबोरा अनेकांना आवडतो, पण तो ठरावीक सुरांचा. शिट्टीचा सूर त्याच्याशी बेसूर लागला तर गायकांना दुप्पट त्रास.

रात्री टाइमर लावू नका. अर्ध्या तासाने आवाज बंद, पहाटे तीनला जाग, आणि खोलीत शिट्टी एकटीच. सकाळपर्यंत चालू द्या. थंडीत टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला की वारा लागत नाही, घरघर मिळते. इअरफोन घालून झोपणं नको, तो बोळाच झाला.

आवाज टोचण्यावरचा सराव याच तत्त्वावर, फक्त फार सावकाश. नियम सोपा, पाळायला कठीण: घर शांत ठेवायचं नाही. जेमतेम ऐकू येईल एवढा सुसाट आवाज दिवसाचे सहा-आठ तास, आणि आठवड्याला एक पायरी वर, ती झेपली तरच. शक्य असेल तर ऑडिओलॉजिस्टच्या देखरेखीखाली कानामागे बसणारं, सुसाट आवाज करणारं जनरेटर, कान उघडा ठेवणारं. टिनिटस रिट्रेनिंग थेरपी नावाने हे ओळखलं जातं. संशोधक जॅस्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या विचारावर ती उभी आहे आणि तिला साधारण १२ ते १८ महिने देतात.

मग नेमके त्रासदायक आवाज. स्टीलची भांडी, मिक्सर, कुकर. फोनवर ताट-वाटीचा खणखणाट रेकॉर्ड करा आणि अगदी कमी आवाजात स्वतःच्या हाताने चालू-बंद करत ऐका, दिवसातून दोनदा पाच मिनिटं. बटण आपल्या हातात असणं महत्त्वाचं. आठवडाभर त्रास दहापैकी तीनच्या वर गेला नाही तर एक रेघ वाढवा. त्यानंतर खरी भांडी, आधी शेजारच्या खोलीतून. एखाद्या दिवशी त्रास चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला, तर पायरी मोठी होती. दोन पायऱ्या खाली या, सोडून देऊ नका. स्वयंपाकघरात रबरी जाळी सिंकमध्ये, रॅकमध्ये जुना टॉवेल, मिक्सरखाली घडी घातलेली सतरंजी, एवढ्याने कडक टोक जातं आणि आवाज उरतो. तो उरायलाच हवा.

बोळे कुठे

बाहेर. ८५ डेसिबेलला आठ तास ही अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा, आणि दर ३ डेसिबेल वाढीला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाजवळ किंवा डीजेच्या भिंतीसमोर ही पंधरा मिनिटं कधीच संपलेली असतात. कायद्याने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहेत, २००० च्या नियमांनुसार, कागदावर. आयफोन असेल तर त्याच नायॉश संस्थेचं मोफत मोजणी अ‍ॅप बऱ्यापैकी खरं सांगतं.

कापूस जेमतेम थोडेसे डेसिबेल अडवतो, म्हणजे घरात नुकसान आणि मिरवणुकीत निरुपयोगी. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सरकवा आणि तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. नीट बसला तर स्वतःचा आवाज घुमतो आणि आरशात समोरून प्लग दिसत नाही. पाकिटावर ३३ लिहिलं असेल तर सात वजा करून निम्मे करा. १३ डेसिबेल धरून चाला. वादकांनी सर्व पट्ट्या सारख्या कमी करणारे १५ किंवा २५ चे प्लग घ्यावेत, ताशाची धार त्यात ऐकू येते. बाजार, बस, हॉटेल, कार्यालयातलं लग्न (बँडपासून लांबचं टेबल पकडून) इथे प्लग खिशात ठेवा, कानात नको.

गोळ्या

बीटाहिस्टिन आपल्याकडे कानातल्या आवाजासाठी सर्रास लिहिली जाते. नुसत्या टिनिटसवर तिचा उपयोग दिसलेला नाही. जिन्कगो आणि झिंक यांचंही तेच. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शनात जिन्कगो, झिंक आणि इतर पूरक गोळ्या सुचवू नयेत असंच आहे. बी-१२ मोजून घ्या, शाकाहारी लोकांत ते कमी सापडतं आणि भरून काढावं, पण शिट्टी जाईल म्हणून नव्हे. चहा सोडायची गरज नाही, झोप उडत असेल तर संध्याकाळचा सोडा. मेनिएर असेल तर मीठ कमी करायला सांगतात. ५ ग्रॅम मिठात सुमारे २,००० मिलीग्रॅम सोडियम असतं, आणि पापड, लोणचं, चिवडा यांतलं मीठ आपण मोजतच नाही. जास्त मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन, क्विनीन, अमिकॅसिन, जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन कानाला त्रास देऊ शकतात. डॉक्टरांना सांगा, स्वतःहून बंद करू नका. जिभेला सौम्य विद्युत स्पंदनं देणाऱ्या लेनिअर यंत्राला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने मार्च २०२३ मध्ये मान्यता दिली आहे, पण ऐकू कमी येत असेल तर आधी साधं श्रवणयंत्र, महिनाभर वापरून बघण्याच्या अटीवर.

सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो विचार-वर्तन उपचाराचा, सीबीटीचा. तो आवाज कमी करत नाही, त्रास कमी करतो. लोकांना हे ऐकून राग येतो, 'म्हणजे माझ्या डोक्यात आहे का?' डोक्यातच आहे, ऐकणं तिथेच होतं. झोप गेलेली असताना जीव नकोसा वाटायला लागला तर १४४१६ या टेलीमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालतो, मराठीतही.

प्रगती रोज मोजू नका. रोज 'आज किती?' म्हणून कान लावणं म्हणजे मेंदूला ते महत्त्वाचं आहे असं सांगणं. त्याऐवजी टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरी ही २५ प्रश्नांची यादी तीन महिन्यांतून एकदा भरा: हो ला ४, कधीकधी ला २, नाही ला ०. १६ पर्यंत नगण्य, ३६ पर्यंत सौम्य, ५६ पर्यंत मध्यम, ७६ पर्यंत तीव्र. सात गुणांचा फरक खरा मानतात. भरताना वेळ तीच ठेवा, कारण रात्रीच्या अकराला भरलेली यादी सकाळच्या नऊपेक्षा नेहमीच वाईट येते.

घरच्यांनी कुजबुजत बोलायचं नाही, दारं हळू लावत चोरपावलांनी फिरायचं नाही. मिक्सर लावण्याआधी 'लावते हं' एवढं म्हणून दोन सेकंद थांबायचं. माहीत असलेला आवाज न सांगता आलेल्या आवाजापेक्षा कमी टोचतो.